दहा हातांची हद्द

१९ ऑक्टोबर, रविवार

शादिया आली! दुपारच्या बोटीनं, दोन पेट्या घेऊन. दुसरीत तरी कपडे असतील म्हणून उघडली, तर तिच्यातही पुस्तकंच.

शुक्रवारी ट्युनिसच्या विद्यापीठात तिची परीक्षा – आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्राध्यापकाची एकच जागा, परीक्षक पाच. जेवताना तिनं अर्ज वाचून दाखवला. स्फाक्सला कायदा शिकली. जिनिव्हात डॉक्टर झाली (माझा गुडघा मात्र तिला बरा करता येत नाही). हेगच्या मोठ्या न्यायालयात तीन वर्षं न्यायाधीशांसाठी टिपणं काढली. दोन देशांचा समुद्र कुठे वेगळा होतो ते माझी नात सांगते! मी दोनदा वाचायला लावलं. तिची आई म्हणाली, आता पुरे, कुसकुस गार झालं. हे लिहून घेणारीही तीच, माझी सून वसीला. तेही लिही गं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळभर अंगणात भाषणाची तालीम. कोंबड्या पहिल्या रांगेत.

भाषण आमच्याच बेटाबद्दल! आमच्याकडे समुद्राचेही शेतासारखे वाटे. खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण पाण्यात रोवायचं, त्यात मासे येतात. कुंपण दर वर्षी नवं, आणि हद्द कागदावर कुठेच नाही. मशिदीचा मनोरा आणि किनाऱ्यावरची दोन फाट्यांची खजुरी एका रेषेत दिसली की आमचं पाणी संपलं, शेजारच्या मबरूकाचं सुरू झालं. शादिया सात वर्षांची असताना मीच तिला नावेतून हे दाखवलं. त्यावरच तिनं पहिला लेख लिहिला, आणि तो वाचून जिनिव्हावाल्यांनी बोलावलं.

मग शेवटचं वाक्य आलं. शंभर वर्षांत इथल्या हद्दीचा एकही खुंट सरकलेला नाही, आणि याची साक्षीदार माझी आजी.

मला ठसका लागला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज काही सांगायचं नाही. वसीला विचारते, मग मला बसवलंत कशाला?

२२ ऑक्टोबर, बुधवार

शादियाला सांगून टाकलं! वसीला, हात थांबवू नकोस, आणि विहिरीवर यातलं अक्षर बोलू नकोस.

खुंट मीच सरकवला होता. छप्पन्न वर्षांपूर्वी, दहा हात, मबरूकाच्या पाण्यात. तुझा नवरा तेव्हा पोटात होता आणि त्याचा बाप नावेसकट बुडाला होता. पण ते शादियाला कारण म्हणून सांगितलं नाही. चोरी ती चोरी. त्याआधी हद्द मनोरा आणि विहीर यांच्या रेषेवरून धरत असत. विहिरीच्या जागी ती खजुरी मी घुसवली.

पोरगी पांढरी पडली. मग उठून अंगणात फेऱ्या मारायला लागली, आणि बघते तर डोळे चमकताहेत! खोटं वाक्य काढून टाकते, म्हणाली, परीक्षकांसमोर चूकही कबूल करते. पण तिच्या कायद्यात याला जागा आहे म्हणे. शेजारी हद्द सरकताना पाहतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, तर त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार. देशादेशांचे तंटे असे मिटलेत.

"पण आजी, मबरूकाआजीनं पाहिलेलं असायला हवं. पाहिलंच नसेल, तर ती निव्वळ चोरी. मी विचारून येऊ?"

खुंट मी सरकवला, मीच विचारीन. पण पाहणार कुठून? मी धुकं पाहून गेले होते, आणि मबरूकाला समोरची शेळी दिसत नाही! छप्पन्न वर्षं तिला त्यावरून चिडवत आले. तरी उद्या सकाळी जाणारच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मबरूका उंबऱ्याशी ऑक्टोपस मऊ करायला दगडावर आपटत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"पाहिलं होतं," म्हणाली. "त्याआधी चार दिवस तुझ्या चुलीचा धूर दिसला नव्हता, तेही पाहिलं होतं."