टाकीला पोट सुटलंय

३ तारीख, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडण्याआधी निदान उघडशील अशी आशा आहे.

इकडे ठीक. लकव्याने गेलेली बाबांची डावी बाजू अजून तशीच आहे. जेवण बरं जातं, चिडचिडही पूर्वीइतकीच, म्हणजे तब्येत सुधारतेय म्हणायची. त्यांना फक्त उजवीकडचं दिसतं, म्हणून खाट तू बनवलेल्या माशांच्या टाकीला अगदी चिकटवून लावली आहे. दिवसभर माशांकडे बघत पडून असतात. तो थोरला सोनेरी मासा समोर आला की त्याला "काय साहेब" म्हणतात. मला इतक्या प्रेमाने कधी हाक मारलेली आठवत नाही! तुझा विषय निघत नाही. तीन वर्षं झाली, तुमच्या त्या भांडणानंतर कधीच नाही.

तर मुद्द्याचं. टाकीला पोट सुटलंय. पुढचं अ‍ॅक्रिलिक मधोमध बाहेर आलंय. बाबांना म्हटलं, तर म्हणाले, वय झालं की सुटतंच. मी मात्र सरळ दांडी मधोमध टेकवून पाहिली. दोन्ही टोकांना करंगळी आत जाते. मागच्या महिन्यात जात नव्हती.

अ‍ॅक्रिलिकचं असं होतं का रे? काचवाल्याला बोलावलंय, काचेचीच नवी करून घ्यावी असं मनात आहे. सहाशे लिटर पाणी आहे, दादा, आणि बाबांचं डोकं त्याच्यापासून वीतभरावर. मी स्वयंपाकघरात असले की कान तिकडेच असतो. काल भांडं पडलं तर मी किंचाळलेच.

लगेच कळव.

तुझी,
गडबड


१० तारीख, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी दोन ओळी, त्याही टाकीबद्दल. असो, आल्या हे काय कमी आहे?

"वरची आडवी पट्टी शाबूत आहे ना? तिच्यावर पेन्सिलने लिहिलंय ते वाच," असं तू लिहिलंस. पट्टीचं नंतर लिहिते. आधी काचवाल्याचं सांगते.

म्हातारा माणूस आहे, कमी बोलणारा. टाकीला त्याने हात लावला नाही, नुसता बाजूने डोळा मिटून बघत राहिला. काचेची होईल म्हणाला, पण वजन दुपटीच्या वर जाईल, खालचं टेबल नवं लागेल. मी विचारलं, काच वाकणार तर नाही ना? तर म्हणाला, "काच वाकत नाही. ती न सांगता जाते. हे बिचारं आधी सांगतं. तुमच्या टाकीचं सांगून झालंय, बाई."

आणि मग त्याने वर बघितलं, आणि विचारलं की दोन्ही कडांना हे पट्टीचे तुकडे कसले, पुढची-मागची बाजू ओढून धरणारी मधली पट्टी कुठे गेली.

मी म्हटलं, आधीपासून असंच आहे.

बाबा ऐकत होते. काचवाला पाणी निम्मं करा आणि खाट हलवा असं सांगून गेला. मी खाटेला हात लावला, तर बाबांनी टाकीची कड घट्ट धरली. म्हणाले, "त्याने पट्टी ठेवली नसेल तर विचार करूनच ठेवली नसेल. त्याच्या हातचं काम आहे. फुटायचं नाही."

तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव काढलं, म्हणजे नाव नाहीच, "त्याने" म्हणाले. मी चार बोटं पाणी कमी केलं तर ते ओरडले. पुन्हा भरावं लागलं. आता करंगळीऐवजी अंगठा जातो.

तुझी,
गडबड


१२ तारीख, गुरुवार

दादा,

आज सकाळी टाकीच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या. आठ तरी असतील. बाबा तिथेच, साहेबांना बोट दाखवत होते. आता आडवळणाने लिहीत नाही.

पट्टी मी कापली.

पाच महिने झाले. "बाबांचं तूच बघ, मला जमणार नाही" हे तुझं पत्र आलं त्याच दिवशी. मी टाकी घासत होते, कोपर त्या पट्टीवर आपटलं. तशी ती दर वेळी लागायची. त्या दिवशी मात्र मला ती पट्टी म्हणजे तूच वाटलास. स्वतः लांब राहायचं आणि सूचना मात्र देऊन ठेवायच्या! तुझी करवत काढली आणि कापून टाकली. नंतर हलकं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि परवा काचवाल्यासमोर मी तो दोष तुझ्यावर ढकलला. बाबांनी तोही तुझा शहाणपणा ठरवला, आणि त्याच भरवशावर तिथे पडून राहिले.

मी खाटेशी बसले. म्हटलं, "बाबा, पट्टी दादाने लावली होती. मी कापली. आता हे त्याच्या हातचं काम राहिलेलं नाही."

मला वाटलं, आता तोंडातून काय निघेल देव जाणे. मग त्यांनी टाकीच्या कडेवरचा हात काढला आणि म्हणाले, "मग हलव मला."

शेजारच्या शिक्षिकाबाईंना हाक मारली, दोघींनी खाट आतल्या खोलीत ओढली. नळी लावून पाणी सोडलं. मासे कपड्यांच्या टबात आहेत. साहेब एका कुशीवर होतोय, सारखा सरळ करते. टाकी रिकामी झाली तरी तिचं पोट आत गेलेलं नाही.

बाबांच्या उजवीकडे आता नुसती भिंत आहे. संध्याकाळी औषध दिलं तेव्हा म्हणाले, "काच सांगू नकोस इतक्यात. त्याला लिही, येऊन बघ म्हणावं. मी सांगितलंय असं लिही." तसं लिहिलं आहे.

मला अजून भीती वाटते, दादा. तू यायच्या आत साहेब गेला तर. तू आलाच नाहीस तर. रोज त्या भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

पट्टीचा एक तुकडा या पाकिटात घातला आहे. त्यावर तुझं अक्षर आहे: "हिला हात लावायचा नाही. गडबडीला खास सूचना."

मी ते वाचलं होतं. वाचूनच कापली.

तुझीच,
गडबड