मेण कुठलं, वास कुठला

४ एप्रिल

प्रिय चिऊ,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुम्ही तिघं खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. जावईबापूंचा खोकला थांबला का? त्यांना रात्री पंखा बंद ठेवायला सांग. ऐकायचे नाहीत, तरी सांग.

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि ते न फोडता तशीच बसून राहिले. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी आले होते, ते म्हणाले, "वहिनी, पाकीट बाहेरूनच वाचायचं असतं का?" मग फोडलं.

'मे महिन्यात दहा दिवस भिंगरीला तुझ्याकडे ठेवू का?' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते पाठ झालंय. दोन वर्षांत तू तिला माझ्याकडे एक दुपारही सोडली नाहीस. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही, आणि आता तर बोलायचं कारणच राहिलं नाही. 'झोप कुणालाही लागते, आई. मी फार ताणून धरलं,' असं तू लिहिलंस. तू नाही गं ताणलंस. ते जाऊ दे.

पाठव तिला. खिडकीजवळचा पलंग रिकामा केलाय. बाबांची पुस्तकं अखेर कपाटावर गेली. ते असते तर आठवडाभर अबोला धरला असता.

आता तुझा खरा प्रश्न. आगीच्या त्या दिवसापासून भिंगरी वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्तीसुद्धा फुंकत नाही, लांब जाऊन उभी राहते, हे मला माहीत नव्हतं. आजीबरोबर स्वतःच्या हातानं मेणबत्त्या केल्या तर तिची भीती जाईल, असं तुला वाटतं. मलाही वाटतं. तेव्हा तिच्याबरोबर काय काय पाठवायचं ते लिहिते, तुमच्याकडे सगळं मिळतं.

मेण सोयाचं घे. दोन किलो पुरेल. पॅराफिन स्वस्त असतं आणि साच्यातून सुरेख निघतं, पण काजळी धरतं. सोया मऊ असतं, उभी मेणबत्ती त्याची नीट होत नाही. काचेच्या पेल्यात ओतायला मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि सांडलं तर गरम पाण्यानं निघतं. सहा वर्षांच्या मुलीसाठी हा गुण फार मोठा. मधमाशांचं मेण घेऊ नकोस. महाग आहे आणि त्याला स्वतःचाच वास असतो, दुसरा वास त्यावर चढत नाही. शाळेतल्या प्रार्थनाघरात तेच असायचं. उरलेले तुकडे सिस्टर डब्यात गोळा करायच्या आणि महिन्यातून एकदा आम्ही चार मुली ते वितळवून, त्यात वाती बुडवून पुन्हा मेणबत्त्या करायचो. दोन दिवस वेण्यांना मधाचा वास यायचा. आई म्हणायची, ही शाळेत जाते की पोळ्यात?

तेलं घेताना बाटलीवर 'मेणबत्तीसाठी' असं लिहिलेलं बघ. अंगाला लावायची अत्तरं चालत नाहीत. किलोला साठ ते ऐंशी ग्रॅम, त्याहून जास्त नाही. जास्त घातलं की तेल वर सुटतं आणि मेणबत्तीला घाम आल्यासारखं दिसतं. व्हॅनिलानं मेण पिवळट पडतं. संत्र्याचं नुसतं अर्कतेल घेऊ नकोस, पेटवल्यावर ते टिकत नाही. लव्हेंडर, गुलाब, लवंग माझ्याकडे आहेत. गुलाब चांगला उतरतो, असं घड्याळजी म्हणतात. प्रत्येक पेला मी आधी त्यांच्याकडे नेते. ते हुंगतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वहिनी, अप्रतिम!"

वास कसा निवडायचा, असं भिंगरीनं विचारलंय म्हणे. तिला सांग, तिचा तिनं निवडायचा. दुकानात दोन दोन बाटल्या उघडून बघ, जास्त नको, नाक गोंधळतं. मी इथून काय सांगणार!

मे फार लांब वाटतोय.

तुझी,
आई


११ एप्रिल

चिऊ,

मागचं पत्र तुला मिळालं असेल. मेण अजून घेतलं नसशील तर घेऊ नकोस.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी खोटं बोलते. तुझा आवाज ऐकला की जे तुला ऐकायला आवडेल तेच तोंडातून निघतं. कागदावर एवढ्या सहज जमत नाही. मागच्या पत्रात तरी जमलंच की.

परवा सकाळी फुलवाली आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्या मेणबत्त्या ठेवते ना, तीच. दार नुसतं लोटलेलं होतं. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते, भिंगरीसाठी केलेला एक छोटा पेला समोर होता. वात नीट जळते का बघायची होती. काडेपेटी हातात होती, काडी बाहेर काढलेली.

"काकू!" ती दारातून ओरडली. "पेटवू नका! काहीही पेटवू नका!"

मला वाटलं, साप निघाला की काय. ती नाकाला ओढणी लावून धावत स्वयंपाकघरात गेली, खिडक्या उघडल्याचे आवाज आले. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेगडीचं एक बटण अर्धवट उघडं होतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. कधी, ते मला माहीत नाही. दूध मी सातला ठेवलं होतं आणि ती आली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

"काकू, जिन्यापर्यंत वास येतोय," ती म्हणाली. "तुम्हाला सर्दी झाली आहे का?"

मी म्हटलं, हो, सर्दी.

मग पिशवीतून तीन पेले काढून तिनं टेबलावर ठेवले. "मी खरं तर याच्यासाठी आले होते. गिऱ्हाइकानं परत केले. यावर गुलाब लिहिलंय आणि आत लवंग आहे. एकीच्या घरी लग्नाचे पाहुणे होते, ती म्हणाली, सगळ्यांना दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं." ती हसली, मीही हसले. तेलाच्या दोन्ही बाटल्या सारख्या असतात. चिकटपट्ट्या निघाल्या होत्या आणि मी अंदाजानं परत लावल्या होत्या. "पण काकू, ओतताना तुम्हाला कळलं नाही? घड्याळजींना तरी?"

घड्याळजी वीस वर्षं तपकीर ओढतात, चिऊ. त्यांना खाली जाऊन विचारलं, तर बिचारे कानापर्यंत लाल झाले. "वहिनी, मला कुठला वास येतोय! तुम्ही एवढ्या आशेनं पेला पुढे करता, नाही कसं म्हणायचं?" तर असं आमचं दोघांचं दुकान चाललं होतं. मी त्यांच्या नाकावर विसंबून, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून.

मला वास येत नाही. कुठलाच नाही. तीन वर्षांपूर्वी तो लांबलेला ताप आला होता, त्यानंतर गेला. आधी वाटलं, महिन्याभरात येईल. पुढे डॉक्टरांनी तपासलं, कागदाच्या पट्ट्या हुंगायला दिल्या, आणि म्हणाले, नस गेली आहे, परत येईल अशी आशा धरू नका. मेणबत्त्या तेव्हा जोरात चालल्या होत्या. मी वह्या काढल्या, किती ग्रॅम कशाचे ते पाहून तसंच करत राहिले. स्वयंपाकही तसाच. तुम्ही जेवायला यायचात आणि मी तुमच्या चेहऱ्यांकडे बघून मसाला जमला का ते ओळखायची.

आता ते सांगते, ज्यासाठी कागद घेतला.

त्या दुपारी मला झोप लागली नव्हती.

मी पूर्ण जागी होते. पुढच्या खोलीत बसून पेल्यांना चिठ्ठ्या लावत होते, स्वयंपाकघराकडे पाठ करून. मेणाचं भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवलं होतं, आणि मंद आच आहे म्हणून मी उठले नाही. पाणी आटलं. मेण करपायला लागलं की त्याचा किती घाण वास येतो हे तुला माहीत आहे, लहानपणी तूच नाक धरून पळायचीस. तसा वास त्या दिवशी सगळ्या घरात भरला असणार. दहा मिनिटं तरी. मी गाणं गुणगुणत होते. भिंगरी आतल्या खोलीत झोपलेली होती, आणि तीच खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, घर काळं झालंय." तेव्हा मी मागे वळले. तोवर भांड्यानं पेट घेतला होता.

पुढचं तुला माहीत आहे. घड्याळजी ओलं पोतं घेऊन वर आले. दवाखान्यात तिच्या तोंडावर तो प्लॅस्टिकचा मुखवटा, दोन दिवस. तू धावत आलीस आणि कॉरिडॉरमध्ये मला विचारलंस, "तू कुठे होतीस, आई?" आणि मी म्हटलं, डोळा लागला.

का म्हटलं? कारण झोपेला माफी असते. ती एकदा लागते, पुढच्या वेळी माणूस सावध राहतं. मला वाटलं, तू सहा महिने रागावशील, मग विसरशील. माझ्या हिशोबापेक्षा जरा जास्त लागले, पण तू विसरलीस. दोन वर्षांनी तू मला माफ केलंस, आणि ते केलंस मी न घेतलेल्या झोपेसाठी.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद केलं तर सगळं फुकट. डॉक्टरांकडे मी आगीनंतर गेले नव्हते. आधी गेले होते, महिनाभर आधी. नस गेल्याचं मला माहीत होतं. घरात गॅस आहे, मेण आहे, हेही माहीत होतं. त्या सकाळी तू फोन करून म्हणालीस, दिवसभर हिला ठेवशील का, आणि मी म्हटलं, आण की, त्यात काय विचारायचं! सांगितलं असतं तर तू तिला आणली नसतीस. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

तू आता उपाय सांगशील. माझी मुलगी मला माहीत आहे. धुराचं यंत्र बसव, विजेची शेगडी घे, मेण नको, दुपारी फुलवालीला बोलाव. यंत्र धुराचं सांगेल गं, पण माझं कोण सांगणार? यंत्र बिघडलं आणि तू फोनवर विचारलंस, चालू आहे ना, तर मी हो म्हणेन. मी स्वतःला ओळखते. परवाच, गॅस घरभर असताना, त्या पोरीला मी सर्दी म्हणून सांगितलं. जीव वाचवला तिनं माझा, आणि मी तिलाही खोटंच सांगितलं. आणि त्यानंतरही, तुला कळवायचं की नाही, यावर मी पूर्ण एक दिवस घालवला. मनात सारखं येत होतं, दहाच तर दिवस आहेत.

तेव्हा भिंगरीला पाठवू नकोस. मे महिन्यात नाही, आणि त्यानंतरही माझ्या एकटीच्या भरवशावर कधी नाही. मी पुढे कधी रडले, गोड बोलले, सगळं ठीक आहे म्हटलं, तरी नाही. हे पत्र ठेव आणि तेव्हा काढून वाच.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. आजीला बरं नाही असं सांगितलंस तर ती पुढच्या सुट्टीत पुन्हा विचारेल. खरं सांगितलंस तर बहुतेक विचारणार नाही. मला वाटतं, खरंच सांग. आग तिच्यामुळे लागली नाही, मेण वाईट नसतं, त्या दिवशी घरातलं मोठं माणूस खोटं वागलं, एवढं तिला कळेल. मेणबत्त्या तू कर तिच्याबरोबर. तुझं नाक लहानपणापासून चांगलं आहे.

ती सात महिन्यांची असताना तिच्या टाळूला एक वास यायचा. तू म्हणायचीस, ऊन दिलेल्या उशीसारखा. तुझे हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. वास आठवत नाही. मी रोज प्रयत्न करते.

फोन करू नकोस. केलास तर मी बरी आहे म्हणेन. लिहावंसं वाटलं तर लिही, न लिहिलंस तरी मला कळेल.

नेहमीसारखं खाली 'तुझी' लिहायला पेन टेकवलं होतं. तो शब्द आता तुझ्याकडे ठेवते.

आई