कावळा पूर्णपणे काल्पनिक

५ सप्टेंबर
विनोदी रहस्यकादंबरी सुरू! बाळगोष्टींतली सगळी मंडळी एकाच लेआउटमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या बंगलोरी वसाहतीत, राहतात. चिऊताईची अंडी चोरीला जातात. तपासाला भोपळ्यातून फिरणारी म्हातारी. दिवाळीपर्यंत संपवणार. सुलभा म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन कर. बायकोला साहित्यात रस नाही.

७ सप्टेंबर
व्हाइटफील्डमध्ये पाणी भरलं. दयानंदचा तळमजल्याचा फ्लॅट पाण्यात. माझ्या टीममधला, नागपूरचा, एकटाच असतो. मीच म्हणालो, घर आपलंच समज. लिहायची खोली त्याला दिली. त्याग.

१० सप्टेंबर
मुख्य संशयित सापडला. काऊ! शेणाचं घर वाहून गेलं म्हणून चिऊकडे मुक्कामाला. सारखा चहा मागतो, माझा, म्हणजे चिऊचा, टॉवेल वापरतो, प्रत्येक वाक्याला 'भाऊ' लावतो. आपोआप सुचलं. सुलभाने वाचून विचारलं, हा दयानंद ना? म्हणालो, कावळा पूर्णपणे काल्पनिक आहे.

१२ सप्टेंबर
कादंबरीचं ऐकून दयानंद हुरळला. सोसायटीतल्या मराठी मंडळींसमोर रविवारी माझं वाचन ठेवलंय. क्लबहाउस सांभाळणाऱ्या अण्णांना कन्नडमध्ये 'स्वल्प अड्जस्ट माडी', जरा सांभाळून घ्या, म्हणत खुर्च्याही मिळवल्या. कावळा गाळावा का? नको. स्वतःला कोण ओळखतं?

१४ सप्टेंबर, रविवार
हशा! चहाला पहिला, टॉवेलला त्याहून मोठा. वाटलं, जिंकलो. मग दिसलं, सगळे दयानंदकडे बघून हसतायत. शेजारच्या आसावरीवहिनींनी तर तोंडावर ओढणी धरलेली. तो पहिल्या रांगेत, माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन. आधी तोही हसत होता. टॉवेलनंतर थांबला.
मी थांबायला हवं होतं. पण पुढचं पान जास्त चांगलं होतं. वाचलं.

१५ सप्टेंबर
दयानंद सकाळीच गेला. फ्लॅट सुकला म्हणाला. भाऊ म्हणाला नाही. सुलभा माझ्याशी बोलत नाही. कलाकाराला सोसावंच लागतं, असं लिहिलं होतं इथे. खोडलं.

१६ सप्टेंबर
त्याच्याकडे गेलो. भिंती कमरेपर्यंत ओल्या, गादी गॅलरीत उभी. काही सुकलेलं नाही. कॅबमध्ये माफी पाठ केली होती, अगदी शब्दन् शब्द. तोंडातून निघालं, लाइट आली का? तो म्हणाला, आली. मी म्हणालो, छान. बसा म्हणाला, आणि खुर्चीवरचे ओले कपडे उचलायला लागला. एरवी 'बस ना भाऊ', आज मला 'बसा'! घाई आहे म्हणून निघालो.
घरी सुलभाने विचारलं, मागितलीस माफी?
तसंच काहीसं, म्हणालो.