मंगळाची स्वारी, मुक्काम नशिराबाद

३ डिसेंबर
निश्चय पक्का. लोकांच्या गच्च्यांवर डिश बसवणं बंद. खान्देशातली पहिली सायन्स फिक्शन मालिका काढतोय, 'मंगळाची स्वारी'. लेखक मी, निर्माता मी. जळगावच्या केबल चॅनलचे मालक लोटननाना म्हणाले, पहिला भाग आवडला तर रविवारचा स्लॉट तुमचा. म्हणजे मिळालाच. दिपमालेनं विचारलं, नाही मिळाला तर? शिडी विकून आलो. बायकोला असंच उत्तर द्यावं लागतं.

७ डिसेंबर
मंगळाचा राजा ठरला. मेहरूणचा हिलालभाऊ. दूध घालतो, पण उंची दारात मावत नाही. मंगळाची भाषा कुठं शिकू, म्हणाला. म्हटलं, नुसते आवाज काढ, अर्थ मी खाली लिहीन.

१४ डिसेंबर
नशिराबादला वनाआबांच्या शेतात यान उभं. जुन्या डिशा, चंदेरी रंग. मुंबईवाल्यांनी येऊन शिकावं. उद्या पृथ्वीचा नाश. बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या पडल्यात, त्याच पेटवू. धूर झकास होईल.

१५ डिसेंबर
धूर झकास झाला. थंडीत शेतातून पऱ्हाट्यांचा धूर निघाला की लोकांना भरीत पार्टीच वाटते, हे स्क्रिप्टच्या नादात राहून गेलं. आजूबाजूच्या शेतांतून माणसं वांगी घेऊन हजर. घाबरून पळायला आणलेले गावकरी वांगी भाजायला बसले. आबांची बहीण ताईबाईअक्का सरळ शॉटमध्ये शिरली. राजाला म्हणाली, पृथ्वी मंग जाळजो भाऊ, पहिले दोन घास खाई ले. राजा बसला. मंगळाच्या भाषेत मिरची मागितली. अक्काला कळली. कॅमेरा चालूच ठेवला. याला रिअ‍ॅलिझम म्हणतात.

१९ डिसेंबर
एडिटिंग. नाश चार मिनिटं, भरीत अठरा. परदेशातही कथा हळूहळू चढते. दिपमालेनं पूर्ण पाहिलं. एकच शंका विचारली, अक्कानं लसूण भाजून घातला की कच्चा. या घरात विज्ञानाला वातावरण नाही.

२१ डिसेंबर
नानांना दाखवलं. नाश चालू असताना नाना फोनवर. राजा जेवायला बसला तसा फोन ठेवला, खुर्ची पुढं ओढली. ऑफिसातली बठ्ठी पोरं, शिपायासकट, हसत होती. भीतीनं माणूस हसतो, वाचलंय मी.

२२ डिसेंबर
स्लॉट पक्का. ताईबाईअक्काला. दर रविवारी एक भाजी. नाना म्हणाले, मंगळ काढा, राजा राहू द्या, खातो छान. मी विचारलं, आणि निर्माता? तुम्हीच की, म्हणाले. ऐकून बरं वाटलं. निर्मात्यानं उद्या सकाळी बाजारातून पाच किलो भरताची वांगी आणायची आहेत. एक जरी किडकं निघालं तर अक्का परत बाजारात पाठवणार आहे. मला.