पंचेचाळीस अंशांचा एक मार्क

वाडी, मंगळवार

ती. यमुआत्या,

ऋतुजाचा वाकून नमस्कार. (साष्टांग नाही, उजवा खांदा दुखतोय.) तुझे गुडघे कसे आहेत? अंकुरदादाला नोकरी लागली का? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आलीय. मोबाइल बाबांनी कपाटात कोंडलाय, म्हणून हे पत्र सावनेरहून रोज बसने कॉलेजात येणाऱ्या काजलच्या हाती पाठवतेय. तिला चहा पाज, पण पत्रात काय आहे ते सांगू नको, नाहीतर उद्या अख्ख्या बसला कळेल.

तर ऐक. फिजिक्सच्या चाचणीत सरांनी विचारलं, गोळाफेकीत गोळा सर्वांत लांब जायला किती अंशांच्या कोनात फेकावा? आत्या, हे त्यांनी मला विचारलं! सहा वर्षं गोदामांमागच्या पडीक जागेत (आधी ट्रक मागे येतोय का बघायचं, मग फेकायचं) मी दुसरं केलंय काय? मी लिहिलं, चाळीसच्या आत. सरांनी लाल फुली मारली. पुस्तकात पंचेचाळीस आहे म्हणे. अगं, पण ते जमिनीवरून उडणाऱ्या वस्तूचं! माझा गोळा मानेपासून निघतो आणि माझी मान काही जमिनीत पुरलेली नाही. हे मी सरांना नम्रपणे सांगितलं. (वर्गातल्या पोरी म्हणतात, ओरडून. त्या मागच्या बाकावर होत्या, त्यांना काय कळणार?) सर म्हणाले, चल मैदानावर. त्यांनी बाह्या सरसावल्या, एका पोराच्या हाती कोनमापक दिला आणि चार किलोचा गोळा बरोबर पंचेचाळीस अंशांत फेकला. तो त्यांच्याच चपलेपासून वीतभर पुढे पडला. मी हसले नाही. बाकी सगळे हसले. फोन मात्र माझ्या बाबांना गेला.

पास व्हायला पंचवीसपैकी नऊ लागतात, मला आठ आहेत. बाबांनी गोळाही मोबाइलशेजारी कोंडला. "पह्यले पास हो, मंग फेक! तो गोळा काय तुह्यासाठी पेपर लिहून देते का वं?" हे दारात उभं राहून, सगळ्या भाडेकरूंना ऐकू जाईल असं! आत्या, मी विभागात पहिली आलेय. राज्य स्पर्धेच्या फॉर्मवर शुक्रवारी बारापर्यंत पालकाची सही हवी. तिथे पदक मिळालं तर खेळाडूंच्या जागेतून चांगलं कॉलेज मिळेल, आणि चांगल्या कॉलेजचा धोशा बाबांनीच लावलाय ना? सर म्हणतात माझं लक्ष मैदानात, कोच म्हणतात पुस्तकात. दोघंही मला दिवसाचे तास मोजून दाखवतात, एकानेही कधी एखादा तास जास्तीचा दिला नाही. मला रडू येतं, आणि रडले की आणखी राग येतो.

मोठ्यांना नमस्कार. लहान कुणी असेल तर त्याला म्हणावं, फिजिक्स घेऊ नको.

तुझी संतापलेली,
ऋतुजा

ता. क. तो एक मार्क सोडून उरलेले सोळा कुठे गेले, असं विचारू नको. तो विषय वेगळा आहे.

ता. क. दोन. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. गुरुवारी ये. तुझ्याकडे राहून ते बारावी शिकले ना, ती मार्कशीट अजून तुझ्या लोखंडी पेटीत आहे असं आई म्हणते. ती आण. जेवताना फिजिक्सचा आकडा सहज मोठ्याने वाच आणि मग फॉर्म पुढे कर.

ता. क. तीन. त्यांना चांगले मार्क असतील, तर ती पेटीतच राहू दे. तू नुसती ये.