धुतलेलं बी

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत चवळीचं बी पाठवते आहे. तुझ्या खालच्या तुकड्यात मीठ फुटून पांढरा थर येतो, तरी बांधावरची रानचवळी तग धरून असते ना? तिच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू मी प्रयोगशाळेत वाढवले आणि काळ्या भुकटीत मिसळून या बियांना चोपडले. ते मुळांशी राहिले तर गाठी आतून लालसर होतील आणि चवळी खाऱ्या मातीतही जगेल, असा माझा तीन वर्षांचा हट्ट आहे. या हंगामात शेतात काही दिसलं नाही, तर आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई काम बंद करणार आहेत. बी आहे तसंच पेर.

तुझ्या मायेची हावरी,
ठकी

१९ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

लिहायला हात धजत नाही. चवळी करपली. चूक माझी आहे. बी काळंकुट्ट दिसलं आणि मला राहवेना. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, दुकानातून आणलेला साबणसुद्धा मी धुऊन घेते. तीन पाण्यांनी बी लख्ख केलं आणि मग पेरलं. काल तुझं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं मी काय धुऊन टाकलं ते. रागव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी अपराधी,
आत्या

२६ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग हसू आलं. माझं दप्तर तू भूगोलाच्या वहीसकट धुतलं होतंस, ते आठवलं. बोलणं कशाला टाकीन? आईमागे मला तूच वाढवलंस. मोठ्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, बी धुतलेलं पाणी कुठे गेलं? लगेच कळव.

तुझीच,
ठकी

३ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊनच शेतात गेले. ते पाणी मी खालच्या कोपऱ्यात ओतलं होतं. तिथे मीठ सर्वांत जास्त, म्हणून मी तिकडे फिरकतही नाही. पाण्याबरोबर थोडं बी सांडलं असावं. तिथे अकरा वेल आहेत, हिरवेगार, फुलावर आलेले. एक उपटला. मुळांवर गाठीच गाठी, चिरल्या तर आतून लालसर. मी तिथेच मातीत बसून रडले. तुझ्या बाईंचे उपकार कसे फेडू? त्यांना म्हणावं, उरलेले वेल बघायला याच.

एक वेल सोबत पाठवते आहे. हात फार शिवशिवले, पण मुळं धुतलेली नाहीत.

तुझी,
आत्या