मिर्झा-आगा कोण?

अल्माती,
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मिर्झा-आगा,

सलाम. इथे सगळं ठीक आहे. थंडी पडली की आस्कारचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त आस्कार कुरकुरतो. बाल्काशला वारा सुरू झाला असेल. तलावातले मासे तुम्ही अजून स्वतः खारवता का, असं तुमच्या धाकट्या भावाने विचारायला सांगितलंय. त्याला विचारायचं नसतं, पाठवा म्हणायचं असतं.

पत्राचं निमित्त वेगळं आहे. इझ, आपला तो जुना टिपणं ठेवायचा प्रोग्राम, पुन्हा चालू करायला घेतलाय.

उन्हाळ्यात तलगारच्या सफरचंदाच्या बागेतून मारझान नावाची बाई आली. त्यांच्याकडे एकेका झाडाची अठरा वर्षांची टिपणं इझमध्ये आहेत. नव्या कॉम्प्युटरवर इझ चालत नाही आणि जुना कॉम्प्युटर टेबलावरचा पंखा रोखून कसाबसा तगवलाय. मी म्हटलं, अकरा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही, दुसरं काहीतरी घ्या. तर म्हणते, "आपाय, दुसरीकडे मजकूर नेता येतो हो, पण कुठली ओळ कुणी लिहिली आणि नंतर कुणी बदलली, ते इथेच राहतं. आमची निम्मी भांडणं त्यावरच असतात."

घरी बसून मी तरी काय करत होते? ऑगस्टमध्ये सुरुवात केली. सप्टेंबरात इझ नव्या मशीनवर उघडला, तेव्हा आस्कारला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, "दिसतो तर तसाच." त्याच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

मग जोडणीपाशी अडले. दोघांनी एकाच झाडाबद्दल लिहिलं की दोन्ही टिपणं नीट एकत्र यायला हवीत. आता एकाचं राहतं आणि दुसऱ्याचं गुपचूप नाहीसं होतं. बागेतल्या म्हाताऱ्या बाकिरचं अख्ख्या मोहराचं टिपण असं गेलं. तो मला म्हणाला, "मरायच्या आधीच पुसलंत होय मला?" सगळे हसले. जुना कॉम्प्युटर हिवाळा काढेलसं वाटत नाही, आणि ही जोडणी सुधारल्याशिवाय नव्यावर टिपणं नेण्यात अर्थ नाही.

तीन आठवडे मी तो भाग वाचतेय. मला तो समजत नाही.

इझचा स्वतःचा प्रोग्रामही ओळीओळीने इझमध्येच नोंदलेला आहे, म्हणून मारझानने इझलाच विचारलं, हा भाग कुणी लिहिला? पडदाभर राउशान, राउशान, राउशान. ती म्हणाली, "आपाय, सगळीकडे तुमचंच नाव आहे. मग तुम्हालाच कसं कळत नाही?" मी म्हटलं, वय झालं, विसरले. तिने किटली उचलली. माझा चहाचा पेला काठोकाठ भरला. 'उठा आता' असं ज्याला तोंडाने सांगता येत नाही, त्याला आपल्याकडे भरलेला पेला देतात. मी तो पिऊन उठले.

आता इकडच्या तिकडच्या गोष्टी पुरे.

तुम्ही शाळा सुटल्यावर फळ्यावर गणितं मांडून इझचा प्रोग्राम लिहायचात आणि बाल्काशहून डिस्क पाठवायचात. मी इथे ती इझमध्ये चढवायचे. लिहिणाऱ्याचं नाव विचारलं की मी 'मिर्झा-आगा' लिहायचे. नव्या केलिनने, घरच्या सुनेने, नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं तर नाहीच. एने, माझ्या सासूबाई, पलीकडच्या खोलीत बसलेल्या असायच्या. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण मला धाक होता. इथवर माझी चूक नाही.

मग मी नोकरीला होते त्या संस्थेच्या मोठ्या मशीनवर सगळं हलवायचं ठरलं. तिथे खऱ्या नावांची यादी लागायची. यादीत जो सापडणार नाही, त्याचं काम हलवणाऱ्याच्या नावावर जायचं. पडद्यावर प्रश्न आला: मिर्झा-आगा कोण? पुढे एक मोकळी ओळ होती. मी ती मोकळी ठेवली आणि एंटर दाबलं. तुमच्या बाराशे सहा नोंदी माझ्या झाल्या. महिन्याभरात मला विभागप्रमुख केलं.

रीत म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. आस्कारशी भांडताना तुमचं नाव मी शंभरदा घेतलंय, तेही चढ्या आवाजात. मला ते पद हवं होतं.

त्या पदाच्या मेजवानीला तुम्ही आलात. जेवणाआधी सगळ्यांना इझ दाखवला, त्यात तुम्हीही पाहिलात, ओळीओळीला माझंच नाव. मग मेंढ्याचं डोकं तुमच्यापुढे ठेवलं, आणि लहान मुलांना देतात तो कान कापून तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. "घे गं, ऐकायला शीक." सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर तुमची डिस्क आली नाही. थोरला विक्षिप्त आहे, असं घरात म्हणत राहिले आणि मी म्हणू दिलं. मला लाज वाटते. अठरा वर्षं वाटते आहे.

तुमच्या मूळ डिस्का मी टाकल्या नव्हत्या. गुरुवारी त्यांवरून सगळ्या नोंदी पुन्हा चढवल्या. तोच प्रश्न आला. आस्कार मागे उभा होता, त्याला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, "लिही ना बाई. आई वरून काही म्हणणार नाही, आणि म्हणाली तर मी बघतो." मी लिहिलं. आता माझ्या नावावर दोनशे ऐंशी उरल्यात, बहुतेक शुद्धलेखनाच्या. काल तलगारला जाऊन मारझानला दाखवलं. तिने पडदा वाचला, मग अर्धाच पेला भरून माझ्यापुढे ठेवला.

जोडणी तुमच्याशिवाय कुणाला सुधारता येणार नाही. मला उत्तर लिहू नका, लिहावंसं वाटणार नाही हे कळतं. मारझानचा पत्ता मागे दिलाय. तिला लिहा, बाकिरचं टिपण परत मिळू दे. माफी मागते, पण त्या कामाच्या बदल्यात नाही.

मोकळी ओळ भरली ती अशी, तुमच्यासमोर एकदा पुन्हा लिहिते:

झुमाबेक सेइतकाली-उली.

तुमच्या घरची केलिन,
राउशान